पत्ता न ठेवता गेली

मी एकतीस वर्षं मेकन शहरात टपाल वाटलं आणि त्या एकतीस वर्षांत एकही पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही. हे मी न्हाव्याच्या खुर्चीत बसून सांगितलंय, चर्चच्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणात सांगितलंय, आणि निवृत्तीच्या समारंभात तर दोनदा सांगितलं. लोकांना ते इतकं पाठ झालंय की मी घसा खाकरला की पुढचं तेच पूर्ण करतात. आता जे सांगतोय ते मात्र मी सहा वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं.

एका गुरुवारी संध्याकाळी माझी मुलगी रोशेल घरी आली. अंगावर कामावरचाच निळा डगला होता. ती डायलिसिसच्या केंद्रात काम करते. तिची आई, माझी अर्लीन, शेवटची तीन वर्षं ज्या यंत्राला आठवड्यातून तीनदा जोडली जायची, तसल्याच यंत्रांना ती आता दुसऱ्यांच्या आयांना जोडते. तिने टेबलावर जाडजूड फाईल ठेवली, पातेल्याचं झाकण उचलून कोलार्डच्या पालेभाजीत मीठ कमी आहे असं न चाखताच सांगितलं आणि समोर बसली.

हेझल रस्त्यावर एक घर तिने पसंत केलं होतं. लहानसंच, पुढे व्हरांडा, मागे पेकानचं, अक्रोडासारख्या फळांचं झाड. आमच्या पतसंस्थेत कर्जाचे अर्ज बघणाऱ्या मिस ओगल्ट्री म्हणून बाई आहेत. त्यांनी तिचे पगाराचे कागद तपासले, घराची किंमत तपासली, सगळं पास केलं. फक्त एक पान हवं होतं. सहा वर्षांपूर्वी शिक्षणाचं कर्ज का थकलं, याचं सहीनिशी स्पष्टीकरण. सोमवारी पाचच्या आत. मंगळवारी समिती बसणार होती, आणि घरमालकाकडे रोख पैसे घेऊन दुसरं गिऱ्हाईक उभंच होतं.

"तुमचं अक्षर चांगलंय," ती म्हणाली. "मी सांगते, तुम्ही लिहा."

हे खरं आहे. अर्ध्या चर्चची पत्रं मी लिहून देतो. मी डीकन आहे, म्हणजे चर्चच्या कामात पाद्र्याचा मदतनीस, आणि माझ्या हातचा अर्ज सहसा परत येत नाही.

त्या कर्जाने पोरीचे काय हाल केले ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पगारातून दर पंधरवड्याला पैसे कापले जायचे. आयकराचा परतावा तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच कर्जात वळता व्हायचा. कुणी तिला खोली भाड्याने देईना, फोनची जोडणीसुद्धा मैत्रिणीच्या नावावर घ्यावी लागली. कर्जबुडवी म्हणून शिक्का बसला की माणूस काउंटरपाशी आवाज खाली आणून बोलायला लागतो. माझी रोशेल तशी बोलायला लागली होती.

मधे ती अटलांटाला राहत होती. तिथून परत आल्यावर एका वकिलीणबाईंनी तिला वाट दाखवली. दहा महिन्यांत नऊ हप्ते ठरल्या तारखेला भरायचे. एक चुकला तर माफ, दोन चुकले की पुन्हा पहिल्यापासून. नऊ भरले की तो शिक्का पुसला जातो. बासष्ट डॉलरचा हप्ता होता. दर महिन्याला हप्ता भरला की ती माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर फुली मारायची. सातव्या महिन्यात गाडीचा गिअरबॉक्स गेला तर तीन आठवडे बसने कामावर गेली, पण फुली चुकली नाही. नववी फुली मारली त्या दिवशी तिने आईच्या पद्धतीने लोण्याचा केक केला, आणि आम्ही दोघांनी अर्धा संपवला.

त्यानंतर बाजारात पत उभी करायला क्रेडिट कार्ड. आधी स्वतःचे तीनशे डॉलर बँकेत अडकवून ठेवायचे, मग बँक तेवढ्याच रकमेचं कार्ड देणार. म्हणजे स्वतःचेच पैसे स्वतःलाच उसने. मला हसू आवरेना. तिने त्या कार्डावर फक्त पेट्रोल भरलं आणि दर महिन्याला फेडलं, असं दोन वर्षं. मी जामीन राहतो म्हणून एकदा मोठ्या तोऱ्यात बँकेत गेलो होतो, तर माझ्या नावापुढे पतीचा आकडाच निघेना, कारण कधी कर्जच काढलं नव्हतं. आयुष्यभर सगळं रोख घेतलेलं. "डॅडी," रोशेल म्हणाली होती, "यांच्या हिशेबी तुम्ही अजून जन्मलाच नाहीत."

तर अशी एकेक पायरी चढत ती त्या एका पानापर्यंत आली होती.

"लिहा," ती म्हणाली. "कर्ज थकलं, कारण मी निष्काळजी होते."

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, हे काही कारण झालं नाही, असल्या पत्रात आजारपण लिहितात, घरातला मृत्यू लिहितात. आईचं लिही.

"आईला मध्ये आणायचं नाही. तिच्या दुखण्यावर मला घर नको. आणि खरंही नाही ते. आई फेब्रुवारीत गेली, हप्ते पुढे ऑगस्टपासून होते."

मी विचारलं, "तुला पत्रं यायची ना त्यांची?"

"एकसुद्धा नाही. मला वाटायचं, अजून वेळ असेल, सुरू झालं की कळवतील. मी एकवीस वर्षांची होते, डॅडी, मला काय अक्कल होती. पण हे लिहिलं तर कोण मानेल? फॉर्मवर पत्ता या घराचा होता. पोस्टमनच्या घरी आलेलं पत्र जाईल कुठे?" ती फाईल आवरायला लागली. "मीच अटलांटाचा पत्ता त्यांना कळवला नाही, तिथे चुकलं. निष्काळजी लिहा. आणि हो, आताच्या अर्जावरही टपालासाठी मी इथलाच पत्ता दिलाय. महिनाअखेर खोली सोडायचीय, आणि तुमच्याकडे आलेलं हरवत नाही."

मी लिहिलं. चांगल्या अक्षरात लिहिलं. तिने सही केली, सोमवारी तिची सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाळी होती म्हणून पत्र माझ्याजवळ दिलं, माझ्या टकलावर ओठ टेकवले आणि गेली.

आता ते सहा वर्षांपूर्वीचं.

रोशेल आमच्या घराण्यातली कॉलेजात गेलेली पहिली. अर्लीनने तिचा प्रवेशाचा कागद चौकटीत लावून भिंतीवर टांगला होता. अर्लीन गेली आणि महिन्याभरात पोरीने सांगितलं की तिसरं वर्ष अर्धं सोडतेय, परत जाणार नाही. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसत नाहीत, म्हणाली. मी ऐकून घ्यायला हवं होतं. मलाही त्या दिवसांत पाकिटावरची नावं धूसर दिसत होती. पण मी आईच्या शेवटच्या इच्छेचं बोललो, आणि रागाच्या भरात म्हणालो, "पदवीचा कागद हातात असल्याशिवाय या घराची पायरी चढू नकोस." तिने बॅग भरली. जाताना अटलांटाचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून फ्रिजला लावून गेली, पीचच्या आकाराच्या चुंबकाखाली.

ऑगस्टमध्ये पहिलं पत्र आलं. मी न उघडता ओळखलं. तसली पाकिटं मी रोज शेकड्याने वाटायचो. ज्या शिक्षणाला तिने लाथ मारली त्याचा हिशेब माझ्या दारात आला, म्हणून माझं डोकं फिरलं. दुसऱ्याचं पत्र फोडायचं नाही, फेकायचं नाही, लपवायचं नाही, ही आमच्या खात्याची शपथ, आणि मी ती मोडणारा नव्हतो. मी खिशातलं पेन काढलं आणि पाकिटावर व्यवस्थित लिहिलं: पत्ता न ठेवता गेली, पाठवणाऱ्याकडे परत. फ्रिजवरची चिठ्ठी माझ्यापासून दोन हातांवर होती.

पाकीट फेकलं असतं तर निदान रात्री मनाला टोचलं असतं. मी ते नियमाने परत केलं म्हणून मला झोप लागली. असली चूक पोस्टमनच करू शकतो. पुढे पाकिटावर लाल अक्षरं यायला लागली. आमच्या गल्लीत टपाल टाकणारा ट्रूमन माझ्याच हाताखाली शिकलेला. एकदा त्याने विचारलं, "डीकन, हेही परतच का?" मी म्हटलं, तिचा पत्ता नाही माझ्याकडे. तोवर राग ओसरला होता, पण लाज सुरू झाली होती, आणि दहा पत्रं परत केल्यावर अकरावं पुढे कसं पाठवायचं ते मला कळेना. दीड वर्षात अकरा पत्रं. मग पत्रं यायची थांबली आणि रोशेलचा पगार कापायला सुरुवात झाली. पुढे ती परत आली तेव्हा ते पायरीचं बोलणं आम्ही दोघांनी काढलंच नाही. त्यानंतर मूग गिळून बसलो तो बसलोच. नऊ फुल्यांच्या कॅलेंडरकडे बघत मी तिच्याबरोबर केक खाल्ला.

रविवारी चर्चमध्ये मी दानाचं ताट फिरवलं. घराची बातमी सगळ्यांना होती. माणसं माझे हात हातात घेऊन अभिनंदन करत होती, पोरीने नाव काढलं म्हणत होती. एकजण तर म्हणाला की बापाचाच काटेकोरपणा आलाय तिच्यात. रोशेल गायकांच्या दुसऱ्या रांगेत होती. मी सबंध वेळ जमिनीकडे बघत होतो.

सोमवारी सकाळी मी कोरा कागद घेतला. सहा ओळींचं पत्र व्हायला मला दोन तास लागले. मी लिहिलं की रोशेल स्टब्जच्या नावाने आलेली कर्जखात्याची अकरा पत्रं मी, तिचा बाप थॅडियस स्टब्ज, तिचा पत्ता माहीत असताना परत पाठवली. ती निष्काळजी नव्हती. तिला कुणी कळवलंच नाही, आणि ते माझ्यामुळे.

आता माझा डाव सांगतो, म्हणजे मला कुणी उगाच मोठा समजायला नको. पतसंस्थेला कळावं आणि पोरीला कळू नये, असा माझा डाव होता. दोन्ही पत्रं मिस ओगल्ट्रींच्या हातात द्यायची आणि हॅट घालून बाहेर पडायचं.

मिस ओगल्ट्रींनी आधी रोशेलचं वाचलं, मग माझं. माझं दुसऱ्यांदा वाचलं. वीस वर्षं मी त्यांच्या घरी टपाल टाकलंय. नाताळात त्या माझ्यासाठी काकवीची बाटली दाराशी ठेवायच्या. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे न बघता बोलल्या.

"हे पहिलं एकटंच गेलं तर समिती नाही म्हणेल, डीकन. जी स्वतःला निष्काळजी म्हणवते तिला तीस वर्षांचं कर्ज कोण देईल? तुमचं सोबत असेल तर मी बोलू शकते. पण तुमचं पत्र तिच्या फाईलला लावायचं तर ते तिने वाचलेलं असलं पाहिजे. खाली तिची सही हवी."

मी म्हटलं, नियम जरा वाकवता येत नाही का.

"तुम्ही मला हे विचारताय?" त्या म्हणाल्या.

तेव्हा घड्याळात तीन वाजले होते. डायलिसिस केंद्रापर्यंत वीस मिनिटं लागतात, मला चाळीस लागली. वाटेत दोनदा गाडी कडेला घेतली. एकदा तर घराकडे वळलोसुद्धा होतो. एक घर गेलं तर दुसरं मिळेल, असं मी स्वतःला समजावत होतो. मग मला तिचं ते काउंटरवरचं हळू आवाजातलं बोलणं आठवलं आणि मी गाडी फिरवली.

निरोप दिल्यावर ती घाईने बाहेर आली. मला बघून आधी घाबरलीच, माझ्या छातीचं काही आहे का म्हणाली. मी पत्र पुढे केलं. गाड्या लावायच्या जागेत, उन्हात उभं राहून तिने ते वाचलं. सहा ओळींना किती वेळ लागतो? मला मात्र तो फार मोठा वाटला. मी हॅट काढून हातात धरली होती.

"चिठ्ठी फ्रिजवर होती," ती म्हणाली.

"हो."

"चुंबकाखाली."

"हो, बाळा."

"मी दर रविवारी फोन करायचे तुम्हाला. तुम्ही नका येऊ म्हणाला होतात म्हणून फोन करायचे. दीड वर्षाचे रविवार, डॅडी. तुम्ही मला हवा कशी आहे ते सांगायचात."

मला बोलायचं होतं. माफ कर हा शब्द मी आयुष्यात फार वापरलेला नाही. शेवटी बोललो तो, पण इतक्या हळू की तिने ऐकला की नाही ते मला अजून माहीत नाही. तिने डगल्याच्या खिशातून पेन काढलं, पत्र माझ्याच गाडीच्या टपावर ठेवलं आणि खाली सही केली. सही स्वच्छ आली.

"पाचच्या आत पोचवा," ती म्हणाली आणि आत गेली.

मी चार वाजून दहा मिनिटांनी पोचवलं.

कर्ज मंजूर झालं. मला ते मिस ओगल्ट्रींकडून कळलं. रोशेलचा फोन त्या रविवारी आला नाही, पुढच्या रविवारीही नाही. चर्चमध्ये ती सकाळची पहिली प्रार्थना सोडून दुसरीला यायला लागली. लोकांनी विचारलं तर मी म्हणायचो, नव्या घराच्या गडबडीत आहे. मग एका रविवारी एका बाईने पुन्हा तेच विचारलं आणि मला पुन्हा खोटं बोलवेना. म्हटलं, माझ्यावर रागावलीय, आणि तिचं बरोबर आहे. एवढं बोलून मी ताट घेऊन पुढच्या बाकाकडे गेलो.

असे सहा रविवार गेले. सातव्याच्या आधीच्या शनिवारी ट्रूमन दाराशी आला. त्याच्या हातात न्यायालयाच्या कचेरीचं मोठं पिवळं पाकीट होतं. वर रोशेलचं नाव आणि माझा पत्ता. ते काय आहे ते आम्हा दोघांनाही कळत होतं. घराचं खरेदीखत नोंदणी होऊन आलं की अशाच पाकिटात येतं.

ट्रूमनने पाकीट पुढे केलं नाही. छातीशीच धरलं. "डीकन," तो म्हणाला, "हे ठेवायचं, की परत?"

त्याने हे खोचकपणे विचारलं असतं तर बरं झालं असतं. तो मनापासून विचारत होता. सहा वर्षांपूर्वी मी शिकवलं तसं तो वागत होता, एवढंच.

"दे इकडे," मी म्हणालो. "पत्ता आहे माझ्याकडे."

हेझल रस्ता माझ्या घरापासून दोन मैलांवर आहे. गाडी दारात होती, पण मी चालत गेलो. माझे गुडघे आता टपाल वाटायच्या कामाचे राहिलेले नाहीत. दोन ठिकाणी कठड्यावर बसावं लागलं. पाकीट मी कोटाच्या आत धरलं होतं. तिच्या टपालपेटीत टाकायचं आणि वळायचं, हे मी निघतानाच ठरवलं होतं. पोस्टमन दाराची घंटा वाजवत नाही, आणि मला त्याहून जास्त हक्क उरलाय असं मला वाटत नव्हतं.

पेटी नवी होती. खांबावर तिने स्वतः नंबर रंगवला होता आणि एक आकडा किंचित तिरका झाला होता. मी झाकण उघडलं आणि पाकीट आत घातलं. ते मोठं होतं, दुमडल्याशिवाय जाईना. खरेदीखत दुमडायचं माझ्या जिवावर आलं. मी तसाच अर्धं आत, अर्धं बाहेर धरून उभा राहिलो.

"डॅडी."

ती व्हरांड्यात होती. मांडीवर पेकानचं टोपलं, हातात अडकित्ता. किती वेळ माझ्याकडे बघत होती कोण जाणे.

"पेटीत नको," ती म्हणाली. "हातात द्या."

मी पाकीट काढून घेतलं, झाकण लावलं आणि गवतातून पुढे गेलो. व्हरांड्याला चार पायऱ्या होत्या. मी खालच्या पायरीशी थांबलो आणि तिथूनच हात लांब करून पाकीट पुढे केलं. ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. ती उठली नाही. हसलीही नाही. टरफलं टोपल्यात झटकली आणि शेजारची खुर्ची पायाने थोडी बाहेर सरकवली.

"वर येऊन द्या," ती म्हणाली.